नातीच्या वयाचा पुरावा

८ जुलै, मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे.

गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात मी उभा होतो. खुर्ची रिकामी होती. मला कोणी बसा म्हटले नाही. माझी मागणी एकच होती. माझ्या नातीचा व्हिडिओ आणि तिच्या आधार कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमधून माझ्यासमोर पुसा.

दुकानदार हसला. त्याचा चुलता गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन. भावकीतले तिघे तिथेच चहा पीत होते. त्याने तो व्हिडिओ कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर लावला. माझी चौदा वर्षांची नात. मान डावीकडे. मान उजवीकडे. तोंड उघड. पुन्हा समोर.

"काय आप्पा, मेंढराचं वय कसं बघता तुम्ही? जबडा उघडूनच ना? मग आम्ही येगळं काय केलं?"

"आता आप्पांचं बी बघा की," चहा पिणाऱ्यांतला एक म्हणाला. "दात किती राहिल्यात त्ये."

सगळे हसले.

तीन आठवड्यांपूर्वी तिला या दुकानात मीच आणले होते. शाळेतल्या मैत्रिणी ज्या अॅपवर होत्या, त्याला वयाचा पुरावा आणि पालकाची संमती हवी होती. तिचे आईबाप शिरूरकडच्या कारखान्यात कामाला. घरी मोठा मीच. "चेहरा बी लागतो," दुकानदार म्हणाला आणि त्याने आधार कार्डासोबत तोही स्वतःच्याच मोबाईलवर टिपला. मी कारण विचारले नाही. चेअरमनच्या घरच्या माणसाला कारण विचारायची आमच्या घराण्याला सवय नव्हती. नात लाजून मान खाली घालत होती, म्हणून मी तिची हनुवटी धरली. चाळीस वर्षे मेंढरे राखली. बाजारात गिऱ्हाइकासमोर जनावराचा जबडा याच हाताने धरला होता.

आठ दिवसांत तिच्या मोबाईलवर फोन आला. तिने घाबरून स्पीकर लावला. अनोळखी पुरुषाने तिचे पूर्ण नाव घेतले, जन्मतारीख सांगितली. मग म्हणाला, "राहू गावच्या रस्त्यानं सायकलवर जातीस ना? आज एकच येणी का घातली?"

दुसऱ्या दिवसापासून तिने सायकल सोडली. ती पुढे चाले, मी मागे. दोन्ही बाजूंना ऊस. पान हलले तरी मी थांबत असे. ती मात्र मागे वळून पाहत नसे, आणि तेच मला अधिक भिववी.

दुकानात व्हिडिओ संपला आणि पडद्यावर मागची व्हिडिओंची यादी उघडी पडली. अशाच आणखी सहा मुली. सगळ्या ओळखीच्या. एक तर त्यांच्याच भावकीतली.

मी तोंड उघडले.

"जनावर इकायचं असतं, म्हणून दात दावतो. माझी नात इकायची न्हाई. पूस ते."

त्या घरातल्या माणसाला मी आयुष्यात प्रथमच अरेतुरे केले. हसणे थांबले.

"न्हाई पुसत. काय करशील म्हाताऱ्या?"

"मग राहू दे. पोलिसांनाच दाव."

दुपारी ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "आप्पा, पोरीची जात हाय. उगा बोभाटा हुईल. तिचा मोबाईल काढून घ्या, इषय मिटला."

"चोरी त्यानं केली. मोबाईल तिचा का काढायचा?"

मी अर्ज लिहून दिला. पोच मिळेपर्यंत बाकावरून उठलो नाही. साडेचार वाजता शिक्का मिळाला.

भीती गेलेली नाही. तो व्हिडिओ कुठवर पोहोचला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. परंतु यापुढे माझ्या घरातल्या कोणाचा चेहरा, वय किंवा कागद जो मागेल, त्याने आधी कारण सांगायचे. मग तो चेअरमन असो वा सरकार.

ठाण्यासमोरच्या टपरीवर अर्जाची झेरॉक्स काढताना नातीच्या नावावर कागदाची पट्टी ठेवली. अर्जदार म्हणून माझे नाव उघडे ठेवले. सहा प्रती काढल्या. दिवस मावळायच्या आत यादीतल्या पाच मुलींच्या घरी एकेक प्रत बापाच्या हातात दिली. चेअरमनच्या भावकीतल्या मुलीच्या घरी शेवटी गेलो. दार लावून घेतले होते. उघडेपर्यंत कडी वाजवली आणि सहावी प्रत मुलीच्या आईच्या हातात दिली.