केळीच्या गोदामातला तिसरा रन

केळी पिकवण्याच्या खोलीत मोबाईलला रेंज नसते. त्या सकाळी मी आत क्रेटांमधल्या मालाचा रंग बघत होतो. बाहेर आलो तर सुधाकरच्या बायकोचे, मंदावहिनींचे, लागोपाठ कॉल येऊन गेलेले. मला वाटलं, त्याचा डबा नाहीतर चष्मा पुन्हा आमच्याकडे राहिला असेल. त्यासाठीही त्या असेच फोन करत. लावला, तर पलीकडून एवढंच आलं, "भाऊ, सर गेले..." धुळ्यात घरी चहा घेताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी फोन खिशात ठेवला आणि काही न सुचून पुन्हा त्या थंड खोलीत जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. शनिवारी येतो म्हणाला होता.

सुधाकर बैसाणे धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. गाव नरडाण्याच्या बाजूचं. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करायचे, आणि वडील लवकर गेल्यावर थोरल्या भावानं, आबांनी, शाळा सोडून याला शिकवलं. आम्ही दोघं जळगावला कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत होतो. मीही रसायनशास्त्रच घेतलं होतं, पण ते मला पचलं नाही आणि मी मुकाट्यानं घरच्या केळीच्या धंद्यात आलो. सुधाकर पुढे शिकत गेला आणि शेवटी अशा विषयात जाऊन पडला की त्याचं नाव सांगायलाही मला तयारी करावी लागते. विषाणूच्या अंगावरची प्रथिनं, त्यांना पकडणारी आपल्या शरीरातली प्रतिपिंडं, आणि ही पकड कशी बसते, कशी सुटते हे संगणकावर चालवून पाहणं. परीक्षानळी नाही, उंदीर नाही. प्रत्येक अणूवर त्या क्षणी किती ओढ आहे ते मोजायचं, त्याला केसभर पुढे सरकवायचं, पुन्हा मोजायचं. असं कोट्यवधी वेळा केलं की त्या रेणूंच्या हालचालीचा निमिषाहूनही कितीतरी लहान तुकडा हाती लागतो. "आणि यातला बराचसा वेळ भोवतालच्या पाण्याचा हिशेब करण्यात जातो," असं तो सांगायचा. मी म्हणायचो, म्हणजे तूही आमच्यासारखा पाणी देण्यातच म्हातारा होणार.

त्याचे संगणक माझ्या गोदामात कसे आले ते सांगायला हवं, कारण असला उद्योग आम्हीच करू जाणे. पोरं ज्यांच्यावर गेम खेळतात तसली कार्डं घालून त्यानं स्वतःच दोन यंत्रं जुळवली होती. ती रात्रंदिवस चालायची आणि भट्टीसारखी तापायची. धुळ्यात त्याच्या घरी मे महिन्यात कूलर लावूनही भिंतीला हात लावता येत नाही, वर वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली की चाललेलं काम अर्ध्यावर मरायचं. एकदा जेवताना तो रडगाणं गात बसला. मी म्हटलं, माझ्याकडे ये, थंडावा आहे, जनरेटर आहे, आणखी काय पाहिजे? दोन पदवीधर माणसांनी यावर मान डोलावली आणि यंत्रं थेट केळीच्या खोलीत, क्रेटांच्या शेजारी नेऊन ठेवली. आठवडाभर आम्ही स्वतःवर फार खूश होतो. मग एका सकाळी दोन्ही यंत्रं बंद. उघडली तर आत दवासारखं पाणी. केळी सुकू नयेत म्हणून त्या खोलीत मुद्दाम ओलावा ठेवलेला असतो, हे मला माहीत होतं. ओलाव्यानं संगणक मरतो, हे त्याला माहीत होतं. आमची दोन ज्ञानं एकत्र यायला आठवडा लागला, एवढंच. एक यंत्र वाचलं, दुसरं गेलं ते गेलंच. मग शेजारच्या स्विचबोर्डाच्या खोलीत छोटा एसी बसवला आणि तिथे त्याचा संसार मांडला. दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं ही घरघर कसली म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला ठोकून दिलं की आमची केळी आता कम्प्युटरवर पिकतात. त्यानं त्या खेपेला भाव चढा दिला. सुधाकरला हे सांगितलं तर तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. खोटं त्याला गमतीतही चालायचं नाही.

तेव्हापासून शनिवारी तो एसटीनं यायचा. डब्यात कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. त्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पडद्यावर त्या प्रथिनांच्या रंगीत गुंडाळ्या फिरवत राहायचा. मी विचारायचो, मोठमोठ्या प्रयोगशाळा हेच तुझ्यापेक्षा कितीतरी वेगानं करतात ना, मग तू कशाला जीव काढतोस? तो म्हणायचा, "आपल्या पोरांनाही करून बघता आलं पाहिजे, वसंता. दुसऱ्यानं बघितलेलं किती दिवस पाठ करायचं?" त्याचे विद्यार्थी सोबत यायचे, जाताना केळी खाऊन जायचे.

त्याची एक खोड होती. कुठलंही काम तो एकदा करून मानायचा नाही. एकच जोडी, तेच पाणी, फक्त अणूंना सुरुवातीला मिळणारा धक्का वेगळा, असं करून तो तीनदा चालवायचा. प्रत्येक वेळेला तो रन म्हणायचा. "एक रन म्हणजे गोष्ट. दोन म्हणजे योगायोग असू शकतो. तिसरा बाकी असेपर्यंत तोंड उघडायचं नाही." ही खोड माझ्या धंद्यातही घुसली. गाडी भरताना मी दोन क्रेट उघडून माल बघायचो, हा दारात उभा राहून म्हणायचा, "आणि तिसरं?" हमाल वैतागायचे. मीही वैतागायचो.

कोरोनाची पहिली लाट ओसरली त्या सुमाराची गोष्ट. आबांच्या मुलीचं, सोनलचं, लग्न ठरलं होतं आणि एकदा पुढे ढकललं गेलं होतं. सोनल सुधाकरची लाडकी. तिला शिरपूरला फार्मसीला त्यानंच घातलं होतं. गावात बहुतेकांना आजार होऊन गेला होता आणि आता पुन्हा होत नाही असं जो तो म्हणत होता. तेवढ्यात विषाणूनं रूप बदलल्याच्या बातम्या यायला लागल्या. जुन्या आजारातून तयार झालेलं प्रतिपिंड नव्या रूपाला धरतं का, हाच प्रश्न सुधाकरनं तेव्हा यंत्रावर लावला होता. परदेशातल्या प्रयोगशाळांनी सगळ्यांसाठी खुले ठेवलेले प्रथिनांचे आराखडे घेऊन त्यानं तो बदल त्यात केला होता. आबांना हे कुणीतरी सांगितलं. ते फोनवर फोन करायला लागले. एकदा मी शेजारी होतो, फोन स्पीकरवर होता, बोलणं घरच्या अहिराणीत.

"सुधा, बठ्ठा गावले एकदाव व्हयी गयं शे. आते कसानं भ्याव? मांडव मोठा टाकू का? हा का नही, तेवढं सांग."

"आबा, आजून माले सांगता येत नही. गर्दी नको करू."

पहिला रन पुरा झाला. प्रतिपिंड चिकटून होतं, पकड जराही सुटली नव्हती. मी म्हटलं, सांगून टाक भावाला. तो नाही म्हणाला. दुसरा रन झाला, तोही तसाच. आता मात्र माझा तोल गेला. "अरे, ज्यानं तुझ्यासाठी शाळा सोडली त्याला एक 'हो' म्हणता येत नाही तुला? दोनदा बघितलंस ना?" त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तिसरा बाकी आहे." तिसऱ्या रनमध्ये बराच वेळ सगळं ठीक होतं. मग एका कडेची पकड ढिली झाली, आत पाणी शिरलं आणि ती बाजू हळूहळू उघडी पडली. तो खुर्चीत मागे टेकला. "यानं काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "पण 'हो' म्हणायची सोय राहिली नाही."

त्यानं आबांना फोन करून सांगितलं की माझ्याकडे उत्तर नाही, लग्न घरच्या घरी कर. आबांच्या मनाला ते फार लागलं. "इतलं शिकना, आनि एक शबद सांगता येत नही?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. लग्न सोनगीरला झालं, चांगली गर्दी जमवून. कॉलेजात, गल्लीत सगळ्यांना गर्दीत जाऊ नका म्हणून सांगणारा माणूस पुतणीच्या लग्नाला गेला नाही. काकाची जागा रिकामी राहिली आणि ती भरल्या मांडवात सगळ्यांना दिसली. पुढचं अधिकच अवघड होतं, कारण काहीच झालं नाही. त्या लग्नातून एकही माणूस आजारी पडलं नाही. आबांनी मला मुद्दाम फोन केला, "सांगजो तुना दोस्तले, कोनलेच काही व्हयनं नही." मी निरोप दिला. मला वाटलं, हा वाद घालेल, ते निव्वळ नशीब म्हणेल. सुधाकरनं डोळे मिटले आणि म्हणाला, "बरं झालं रे... फार बरं झालं."

त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. सोनल येऊन जायची, मंदावहिनी सणाला गावी जायच्या, पण आबांनी त्याचं नाव टाकलं होतं. सुधाकर मात्र गावाकडचं कुणी भेटलं की पहिल्यांदा आबांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. एकदा मी म्हटलं, जाऊन पाया पड आणि मिटव. तो म्हणाला, "पाया पडेन. पण तो विचारील, तेव्हा 'हो' का नाही म्हणालास? मी पुन्हा तेच सांगेन आणि तो पुन्हा उठून जाईल." दोघंही एकाच आईचे, दुसरं काय.

अंत्ययात्रेला आबा आले होते. मग गेल्या आठवड्यात दुपारी ते अचानक माझ्या गोदामाच्या दारात उभे, सोबत सोनल. म्हणाले, "तो आठे बशे ना? ते माले दखाड." मी स्विचबोर्डाची खोली उघडली. यंत्र चालू होतं. विद्यार्थ्यांचं काम चाललंय, मी ते बंद केलेलं नाही. त्याच्या खुर्चीत बसायला आबा तयार होईनात, सोनलनं धरून बसवलं. सुधाकरनं ते तिन्ही रन जपून ठेवले होते. त्याच्या एका विद्यार्थ्यानं ते कसे लावायचे ते मला शिकवलं होतं. पहिला लावला. प्रतिपिंडाची निळी गुंडाळी विषाणूच्या लाल गुंडाळीला धरून थरथरत होती. "हाई धरेल शे," आबा म्हणाले. दुसरा लावला. तोही धरलेलाच. आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला, "दोनदाव तं हा शे! मंग त्यानी माले हा कसाले नही सांगं?"

मी तिसरा लावला. आबा पुढे वाकून बघत राहिले. कड सुटायला लागली तेव्हा त्यांचा हात आपोआप पडद्याकडे गेला. ती बाजू पुरती उघडी पडली. मग म्हणाले, "परत लाव." मी परत लावला. सोनल भिंतीला टेकून रडत होती. आबांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"मनी पोरनं लगन व्हतं..." ते म्हणाले. "म्हनीसन त्यानी तीनदाव दखं."

जाताना त्यांनी खुर्ची होती तशी सरळ करून ठेवली. मला हे सगळं सुधाकरला फोन करून सांगावंसं वाटलं, इतकं वाटलं की खिशात हातही गेला. बाहेर गाडी भरून तयार होती. मी दोन क्रेट उघडून पाहिले. रंग एकसारखा होता, देठ हिरवे, माल उत्तम. हमाल गाडीचं फाळकं लावायला लागला.

त्याला म्हटलं, थांब. तिसरं बाकी आहे.