भगवंतची कॅसेट आणि पुण्याचं कौतुक

“कौतुक करतोय म्हंजी कायतरी काम असणार,” असं राजुरीचा भगवंत हाडवळे कायम म्हणायचा. १९९८ साली त्यानं दोन मित्रांसोबत कांदाचाळीत गिटार, ड्रम वाजवून स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. पुण्याच्या एका साप्ताहिकानं छापलं, ‘गाण्यांमागं धडधडणारं इंजिन हेच या संगीताचं काळीज.’

इंजिन शेजाऱ्याचं होतं, पाणी उपसायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी सामाईक विहिरीवर त्याची पाळी होती, त्यानं ते बंदच केलं नव्हतं.

“थट्टा करतोय आपली हा पेपरवाला,” भगवंत बायकोला म्हणाला.

“अवो, त्यानं निदान ऐकली तरी. गावात कुणी ऐकली?” शीला म्हणाली.

“मग तोंडावर सांगू दे. तवर दुसरी कॅसेट नाय.”

कात्रण खिशात कोंबून तो पुण्याच्या एसटीसाठी निघाला. उसाआड दिसेनासा होईपर्यंत शीला ओट्यावरून बघत राहिली.