छातीवरचा हळद-चुना
नातीचा पाय मुरगळला म्हणून बायकोने पळीत हळद-चुना गरम केला, आणि तो वास येताच माझा हात छातीवर गेला. काही वर्षांपूर्वी गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदयाच्या नळीला आतून सूज आहे, सुजेवर रक्ताची गुठळी धरते, तेव्हा रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका. मी शहाण्याने त्यातली सूज तेवढी ऐकली. सुजेवर आपल्याकडे हळद-चुना असतोच! धान कापताना विळा लागला, बोटाचं रक्त थांबेना, तशी मी गोळीच बंद केली आणि रोज छातीवर ऐटीत लेप थापू लागलो. थोड्याच दिवसांत कळ घेऊन दवाखान्यात आडवा झालो, तर वाळलेल्या पिवळ्या थरावर ईसीजीच्या चकत्या चिकटेनात. नर्स ओरडली, "काका, ये क्या पोत लिया?" बायको ओल्या पदराने माझी छाती खरवडू लागली. मला तशातही हसू आलं. ती म्हणाली, "काऊन हासून राहिले जी? माजा जीव जाऊन राहिला इथं!" आज नातीच्या पायाला लेप लावून तिने उरलेला माझ्यादेखत राखेत ओतला आणि विचारलं, "गोळी घेतली का?"