ईदची कोंबडी

मंठ्याच्या कौसल्याबाईला काही फुकट जाऊ देणं जिवावर यायचं. चौऱ्याहत्तर सालच्या ईदच्या तोंडावर तिच्या तांबड्या कोंबडीला हिरवी हगवण लागली. आता ही मरणारच, तर निदान भेट म्हणून तरी खपवावी, असा हिशेब करून तिनं ती शेजारच्या अकबरबीला दिली. "काप अन् खा," म्हणाली. आजाराबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

अकबरबीनं कोंबडी कापली नाही. हळद-लसणाचं पाणी पाजून जगवली.

उन्हाळ्यात गल्लीत पुन्हा तीच हगवण आली. कौसल्याबाईची पिल्लं पटापट मेली. तांबडीची मात्र अकबरबीच्या अंगणभर चिवचिवत फिरत होती. मेलेलं पिल्लू ओच्यात घेऊन ही बया कुडाशी उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "काय करणी केली गं अकबरबी?"

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही अंगणं पाहिली.

"करणी-बिरणी काही नाही. रोगातून उठलेल्या कोंबडीच्या अंगात त्या रोगाशी झुंजायची ताकद येते. ती अंड्याच्या बलकातून पिल्लांत उतरते आणि सुरुवातीचे काही दिवस त्यांना जपते. ही तांबडी कधी आजारी पडली होती का?"

जमलेल्या बायकांकडे कौसल्याबाईला बघवेना, ओच्यातल्या पिल्लाकडेही बघवेना.

अकबरबीनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मालूम न्हाई, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "कौसल्याबाईनं ईदला दिल्ती. तवा बिलकुल चांगली व्हती."