पन्नासचा काटा, बासष्टची गाडी

गेल्या वर्षी एका रविवारी मी बाबांवर ओरडले. आम्ही अंबरनाथहून बदलापूरला आत्याकडे निघालो होतो. बाबा शेजारी बसले होते आणि नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवर हात टेकून म्हणत होते, "हळू. हळू चालव."

"पन्नासच आहे, बाबा."

"पन्नास नाही ही. पळतेय गाडी."

हे गेले चार महिने दर रविवारी चाललं होतं. त्या दिवशी माझा संयम सुटला. मी गाडी कडेला घेतली, बोट मीटरच्या काचेवर आपटलं आणि म्हणाले, "दिसतंय ना? पन्नास! डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता काटा तरी बघा. तुमचं वय झालंय, म्हणून तुम्हाला सगळं जोरात वाटतं."

बाबांनी काटा बघितला नाही. हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन खाली आले, तर ते आधीच निघून गेले होते. शेअर रिक्षाने. एक्याऐंशीव्या वर्षी, तिघांच्या मागच्या सीटवर अंग चोरून.

गाडी त्यांचीच. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली. डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यावर त्यांनी ती माझ्या हाती दिली. मी उल्हासनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मला याचीच जास्त लाज वाटते.

त्या भांडणाआधी चार महिने गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून रडल्यासारखा आवाज यायला लागला होता. बुवापाड्यातल्या आमच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, आतली दातेरी चाकं झिजली आहेत, अख्खा जोड बदलावा लागेल. नवा मिळणं शक्यच नव्हतं. त्याने कुठल्याशा भंगारातून एक आणून बसवला. "सेम टू सेम आहे, मॅडम," म्हणाला. आवाज बंद झाला. गाडी पुलावर चढताना जरा दमायला लागली, पण मी म्हटलं, गाडीचंही वय झालंय.

बाबा शेअर रिक्षाने जायला लागल्याला महिना झाला असेल. शाळेतली एक सहकारी माझ्या गाडीतून विठ्ठलवाडीला येत होती. तिच्या फोनवर नकाशा चालू होता आणि त्यात वेगही दिसत होता.

ती म्हणाली, "तू बासष्टने चाललीयेस."

"पन्नासने."

तिने फोन माझ्यापुढे धरला. बासष्ट. माझा काटा पन्नासवर. मी वेग कमी केला. काटा चाळीस, फोन पन्नास. पाचास चार. सरळ प्रमाण होतं. सातवीच्या मुलांना मी हेच शिकवते.

बाबा बरोबर होते. चार महिने बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले. "तुम्ही बसवलेला जोड वेगळ्या प्रमाणाचा आहे. म्हणून मीटर कमी दाखवतंय."

"मॅडम, जोडाचा आणि मीटरचा काय संबंध? मीटर गिअरबॉक्सवरून चालतं."

"म्हणूनच. चाकाच्या एका फेऱ्याला मधला शाफ्ट आता कमी फिरतो. मीटरला वाटतं गाडी हळू चाललीये."

त्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा नुसता सोबत आला होता, त्याला गाडी चालवताही येत नाही. "साहेब, मीटर जुनं झालंय. बदलून टाका," गॅरेजवाला त्याला म्हणाला. नवरा म्हणाला, "मला काय विचारता, तिला विचारा." तरी पुढची सगळी वाक्यं त्यालाच उद्देशून आली.

शेवटी माझ्या हट्टापायी त्याने मागचं एक चाक उचललं. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या त्या शाफ्टवर मी खडूने खूण केली. चाक एक फेरा फिरवलं, शाफ्ट दोन फेऱ्यांहून किंचित जास्त फिरला. "बघा, दोनच," तो म्हणाला. "कुठल्या गाडीला दोन असतं?" मी खूण बघत चाक पुन्हा फिरवलं, तरी दोनच. मग लक्षात आलं, दुसरं चाक जमिनीवर घट्ट असलं की शाफ्ट निम्माच फिरतो. म्हणजे खरा आकडा चार आणि थोडं. बाबांच्या जुन्या वहीत मूळ आकडा लिहिलेला होता: पाच आणि थोडं. त्याला हे पटवायला अर्धा तास गेला, आणि पटल्यावर तो म्हणाला, "हा, मग तसंच असेल. पण जुना जोड तर भंगारात गेला."

मग मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका मीटरवाल्याकडे गेले. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत त्याचं चिंचोळं दुकान आहे. सिंधी गृहस्थ, डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी ऐकून तरी घेतलं. "दीदी, हो जायेगा. आतली स्प्रिंग सैल करतो, काटा वर येईल." दोन दिवसांनी मीटर मिळालं. काटा अगदी बरोबर. मी खूश होऊन बदलापूर-कर्जत रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत गेले. पाच दगड गेले, आणि मीटरच्या आकड्यात फक्त चार किलोमीटर वाढले.

मी परत गेले. ते शांतपणे म्हणाले, "काटा स्प्रिंगवर चालतो, आकडे दातांवर. स्प्रिंगने दात बदलत नाहीत."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आपने काटा बोला था."

मला रडू आलं असतं. चूक माझीच होती, मी काटाच म्हणाले होते. त्यांनी स्प्रिंग पुन्हा होती तशी केली आणि म्हणाले, गिअरबॉक्सहून मीटरकडे येणाऱ्या केबलच्या मध्ये एक छोटी डबी बसवा, आत दोन दातेरी चाकं, वीस दातांचं आणि सोळा दातांचं. लेथवाल्याकडून करून घ्या.

अंबरनाथच्या लेथवाल्याने तीन आठवडे फिरवलं. आज सुट्टी, उद्या वीज नाही, परवा पितळ नाही. शेवटी डबी आली. बसवली, गाडी सुरू केली, आणि काटा शून्याच्या खाली जायला धडपडू लागला. आकडे उलटे फिरू लागले. दोन चाकं एकमेकांत अडकली की दुसरं उलट्या दिशेने फिरतं. हे मला कळायला हवं होतं, त्याला कळायला हवं होतं, मीटरवाल्यालाही. कोणालाच सुचलं नाही. गाडी बंद करून मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. बाजूच्या टपरीवरून कोणीतरी विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

मधे तिसरं चाक घालायला आणखी दोन आठवडे गेले. मग काटा बरोबर आला आणि आकडेही. काटा अजून थरथरतो, पण पन्नास म्हणजे पन्नास.

त्या संध्याकाळी मी बाबांपुढे बसले. "तुम्ही बरोबर होता. मीटर चुकीचं होतं. मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हणजे तू बासष्टने नेत होतीस मला? त्या वळणावरसुद्धा?"

"हो."

"आणि मी सांगतोय तरी ऐकत नव्हतीस. समोर म्हैस आली असती तर?"

पुढची दहा मिनिटं मी बोलणी खाल्ली. प्रत्येक शब्द योग्य होता. शेवटी मी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं? डोळे तर..."

"इंजिनाचा आवाज पन्नासचाच येत होता. पण झाडं पन्नासची नव्हती." मग म्हणाले, "मलाही वाटायला लागलं होतं, आपलंच डोकं चालेनासं झालंय. डॉक्टरांना विचारणार होतो."

मी उठून चहा केला.

पुढच्या रविवारी ते गाडीत बसले. डॅशबोर्डवर हात टेकला नाही. मी म्हटलं, आता पूर्वीसारखं दर रविवारी जाऊ. ते म्हणाले, "एक रविवार आड. रिक्षात आता ओळखी झाल्यात माझ्या. बुवापाड्यातले एक जण माझी वाट बघतात."

मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. पण त्यांच्या रिक्षाच्या रविवारी मी गाडी काढत नाही. ते नाक्याकडे निघतात, मी गॅलरीतून बघते. कोपऱ्यावर रिक्षा थांबते, आतले दोघं सरकून जागा करतात आणि ते बसतात.