घरचा कर्ता

"राहून गेलं गं सांगायचं. किती वेळा तेच तेच?"

"राहून गेलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत."

"एकच ना ते!"

"एक नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झालं ते झालं. आता उगाळून काय होणार आहे?"

झालं होतं ते इतकंच. सुनेची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती, ती एक दिवस अलीकडे आली. चष्म्याच्या दुकानात कामावर मोबाईल बंद ठेवावा लागतो, म्हणून तिने विद्यापीठात नवऱ्याचा नंबर देऊन ठेवला होता. कारकुनाचा फोन आला तेव्हा नवरा कुणाच्या तरी फ्रीजच्या मागे डोकं घालून बसला होता. "हो हो, सांगतो," म्हणाला आणि विसरला. ती शुक्रवारी इस्त्रीचे कपडे घालून गेली, तर खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, "बाई, काल झाली की परीक्षा!" आता शेवटचं वर्ष पुन्हा करायचं, नाहीतर स्पॅनिशची पदवी सोडून द्यायची.

स्पॅनिशच का, तर संध्याकाळच्या वर्गांत तेवढीच एक जागा शिल्लक होती. लग्नात सुटलेलं कॉलेज तिने चाळिशीला आल्यावर पुन्हा धरलं होतं. काचा घासायच्या यंत्रावर ती क्रियापदं पुटपुटायची. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "बाई, माझा नंबर बघताय की माझ्यावर मंत्र टाकताय?" कादंबऱ्या ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची, त्यामुळे खून कुणी केला हे कळेपर्यंत कुणाचा झाला तेच विसरायची. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिला स्पॅनिश कळतं. घरचं बोललेलं तेवढं कळत नाही."

एक धडा मात्र वर्गातल्या पोरांच्या आधी तिला कळला. स्पॅनिशमध्ये 'मी विसरलो' असं न म्हणता 'से मे ओल्विदो' म्हणतात. म्हणजे विसरण्याचं काम आपलं आपणच झालं, मी फक्त तिथे होतो. पोरं अडली. ती म्हणाली, "त्यात काय? आमच्या घरी कप फुटतो, दूध उतू जातं, बिल भरायचं राहतं. करत कुणीच नाही." वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईंनी प्रबंधाला तिला तोच विषय दिला, आणि हुकलेली परीक्षा त्याच प्रबंधावर होती. एक गोष्ट तिने वर्गात सांगितली नव्हती. कप तिच्या हातातून पडला की घरातलं वाक्य बदलायचं: 'तू फोडलास.'

"मुद्दाम केलं का त्याने?" सासूबाईंनी आता मान वर केली. "अगं, घरचा कर्ता आहे तो. जरा बेताने बोल."

"घरचा असेल, आई. वाक्यात कुठे सापडत नाही."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "बरं, चुकलं माझं. पण मी म्हणतो, सोडून दे ना आता. दुकान आहे, घर आहे. त्या पदवीचं काय लोणचं घालायचंय?"

खरं तर बसमधून परत येताना तिच्याही मनात हेच आलं होतं, आणि क्षणभर बरंही वाटलं होतं. सुटलो एकदाचे, असं. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं. तिने सासूबाईंच्या पुढ्यातली निवडलेली भाजी उचलली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली. हात पुसले.

"मी वर्ष पुन्हा करणार आहे," ती म्हणाली. "मंगळवार आणि शुक्रवार माझे वर्ग. आतापर्यंत स्वयंपाक करून ठेवून जात होते. यापुढे त्या दोन दिवशी करणार नाही."