मामांनी झाकलेला ठिपका

रफूवाल्या मामांनी जन्मभर एकच काम केलं, भोकं नाहीशी करायचं. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा दोरा काढायचा आणि जळलेली, कुरतडलेली जागा त्यानेच विणून काढायची. काम झालं की कोट गिऱ्हाइकापुढे पसरून म्हणायचे, "शोधा बघू!" गिऱ्हाईक डोळे फाडून बघायचं आणि हार मानायचं. बायको म्हणायची, "झालं, आता आठवडाभर स्वारीचे पाय जमिनीवर नाहीत."

अशा माणसाने स्वतःच्या छातीतलं दुखणंही झाकलं, यात नवल कसलं?

दोन वर्षांपूर्वी मामांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. पुढे दर सहा महिन्यांनी स्कॅन. आठ महिन्यांपूर्वी असाच एक रिपोर्ट आणायला ते एकटेच गेले आणि जिन्यातच पाकीट फोडून बसले. उजव्या फुफ्फुसात एक छोटा ठिपका, डॉक्टरांना लगेच भेटा. लेकीचे दिवस भरत आले होते. घरी बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळं स्वच्छ!" पाकीट चिंध्यांच्या पेटीत तळाशी गेलं आणि डॉक्टरांची वेळ मामांनी परस्पर रद्द करून टाकली. पुढच्या स्कॅनची तारीखही त्यांनी घरी कळू दिली नाही.

तेव्हापासून तो ठिपका त्यांच्या मागे लागला. कापड उजेडात धरलं की भोकाशेजारी दिसायचा, टाचणीच्या डोक्याएवढा, पांढरा. भिंतीवर दिसायचा, दाढी करताना आरशात दिसायचा. नात झाली. ती बाळसं धरू लागली तसं मामांच्या मनात यायचं, आतलाही धरत असेल. मग ते तिला घाईघाईने खाली ठेवायचे. पुढे खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा बायकोनेच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नवी फिल्म दाखवली. उजवीकडे चार, डावीकडे दोन.

"एखादा-दुसरा असता तर कापून काढला असता," त्या म्हणाल्या. "नाहीतर सुई घालून जाळला असता, नेमक्या जागी किरणं दिली असती. दोन्हीकडे मिळून सहा आहेत, आज ते जमणार नाही. आधी शिरेतून कीमो, दर पंधरा दिवसांनी. जुन्या गाठीचा तुकडा तपासू, त्यावर जोडीला आणखी एखादं औषध लागू पडतंय का बघू. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. ठिपके आटले तर ऑपरेशनचा परत विचार, नाहीतर औषध बदलू. आणि सोसवेनासं झालं तर फक्त धाप नि दुखणं सांभाळायचं, हाही मार्ग आहे."

"बरा होईन?"

"खोटं नाही सांगत. बहुतेकदा आजार ताब्यात ठेवता येतो, पुरता जात नाही. हे किती वेगाने वाढलंय त्यावर औषध किती कडक द्यायचं ते ठरवू. मागचं स्कॅन स्वच्छ होतं ना?"

"अगदी स्वच्छ," बायको ठामपणे म्हणाली.

मामा नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं.

"नव्हतं," ते म्हणाले. "एक होता. लेकीचं बाळंतपण तोंडावर होतं, म्हणून बोललो नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तेव्हा काढता आला असता?"

"बहुधा, हो."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. आता बरसेल, मग बरसेल, असं म्हणत मामा समोर उभेच राहिले.

"लेकीला बाळंतपणाचं कारण सांगू नका," ती शेवटी म्हणाली. "जन्मभर बाळाच्या तोंडाकडे बघेल नि तिला तेच दिसेल. मीही बोलणार नाही."

मामांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

"अगं, बाळंतपण महिन्याभरात उरकलं होतं," ते म्हणाले. "पुढचे सात महिने मला कुणी अडवलं नव्हतं. मी घाबरलो होतो."

"मग तिला हेच सांगा. बाप घाबरला होता. तेवढं ती सोसेल." मग तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, पण आठ महिने मी तुमच्या शेजारी झोपत होते. मला कळलं नाही, ते मी कसं सोसू?"